वाकलेल्या झाडाचे शेजारी

एल हिएरो या छोट्या बेटाचं नाव ज्यांच्या कानावरून कधी गेलेलं नाही, त्यांनीही तिथलं झाड बहुधा पाहिलेलं असतं. कुणाच्या लॅपटॉपच्या पडद्यावर, कॅलेंडरच्या एखाद्या पानावर, नाहीतर ‘हार मानू नका’ छापाच्या सकाळच्या मेसेजमध्ये. खोड जमिनीतून दोनतीन हात वर येतं, एकदम एका अंगाला वळतं, आणि मग सगळा पालाच्या पाला न्हाऊन केस पुढे घेतलेल्या बाईसारखा जमिनीपर्यंत लोंबतो. झाडाचं नाव सबिना. ज्युनिपरची एक जात. एल हिएरो हे अटलांटिकमधल्या, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक. कॅनरी बेटांच्या सरकारनं १९९१ साली कायदा करून प्रत्येक बेटाला एक प्राणी आणि एक वनस्पती अशी निसर्गचिन्हं वाटून दिली, तेव्हा एल हिएरोच्या वाट्याला तिथला महाकाय सरडा आणि ही सबिना आली.

फोटोखालच्या ओळीही ठरलेल्या असतात. वाऱ्याशी झुंज, वाकले पण मोडले नाही, वगैरे. आपल्या मराठी डोक्यात तर त्यासाठी जागा तयारच असते. महापुरात मोठी झाडं वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात, हे आपण शाळेपासून घोकत आलो आहोत. माझं या फोटोओळींशी भांडण आहे. झाडाशी नाही, झाड फार आवडतं. म्हणून तर भांडण.

आधी या झाडाच्या गोतावळ्याबद्दल थोडं. ज्युनिपर म्हटलं की आपल्याला थंडी आठवते. लडाखमधल्या मठात जळणारा शुक्पाचा धूप, काष्ठौषधींच्या दुकानातलं हौबेर म्हणजे आयुर्वेदातली हपुषा, आणि ज्यांचा त्या रस्त्यानं वावर आहे त्यांना जिन. हे सगळे डोंगरातले, गारठ्यातले भाऊबंद. पण या वंशात सत्तरच्या आसपास जाती आहेत आणि सगळ्यांनाच बर्फाची हौस नाही. भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या उष्ण, कोरड्या पट्ट्यात एक ज्युनिपर आहे, सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसनं १७५३ साली ज्याला ‘युनिपेरुस फिनिकेआ’ म्हटलं. स्पेनच्या दक्षिणेला दोन्यानाच्या जुन्या, स्थिरावलेल्या वाळूच्या टेकड्यांवर, इबिथा आणि फोर्मेंतेरा बेटांवर, सार्दिनिया-सिसिलीत, ट्युनिशिया-अल्जीरियात, लिबियाच्या जबल अख्दरवर, थेट सिनाई आणि जॉर्डनपर्यंत या मंडळींचा पसारा आहे. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यात वाटण्या केल्या. किनाऱ्याजवळ वाढणारा, शरद ऋतूत परागकण सोडणारा तो वेगळा, ‘तुर्बिनाता’; कॅनरी बेटांवरचा त्यातही निराळा, असं काहीजण म्हणतात. नावांचा हा वाद अजून मिटलेला नाही आणि बकऱ्यांना त्यानं काही फरक पडत नाही. बकऱ्यांचा विषय पुढे येणारच आहे.

मी रत्नागिरीत वाढले. किनारा म्हणजे माड, पोफळी, शेवाळलेला चिरा आणि जुलैत घरात न वाळणारे कपडे. समुद्र दिसत असताना घसा कोरडा पडावा, हे मला कॅनरीतल्याच टेनेरिफे बेटावर नोकरीसाठी येईपर्यंत खरं वाटलं नसतं. इथे सबिनाच्या पट्ट्यात वर्षाला साधारण २०० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात. उन्हाळाभर आकाश कोरडं ठाक. अशा जागी वाढायचं तर घाई करून चालत नाही. सबिनाची पानं पानांसारखी नाहीतच; लहान रोपाला टोचरे काटे असतात, आणि वयात आल्यावर तेच खवले होऊन डहाळीला इतके घट्ट चिकटतात की पान कुठं संपतं आणि डहाळी कुठं सुरू होते ते कळत नाही. फळ दिसायला बोराच्या धाकट्या भावासारखं, तांबूस-तपकिरी, पण ते फळ नव्हे. पाइनच्या झाडाला असतो तसा शंकूच तो, फक्त त्याचे खवले मांसल होऊन एकमेकांत मिसळलेले. ते पिकायला दुसरं वर्ष उजाडतं. याच कुळातली फ्रान्समधल्या आर्देश आणि व्हेर्दों नद्यांच्या घळईंत उभ्या कड्यांवर चिकटलेली काही झाडं हजार वर्षांहून जुनी निघाली आहेत, आणि बुंधा पाहून त्यांना कुणी शंभरही देणार नाही.

एल हिएरोला टेनेरिफेच्या दक्षिण टोकाहून बोट जाते, अडीच तासांच्या आसपास लागतात. बेट सुमारे २७० चौरस किलोमीटरचं, वस्ती अकरा हजारांच्या आगेमागे, आणि मधोमध १५०१ मीटरचं मालपासो शिखर. म्हणजे कुठूनही कुठंही जायचं तर आधी चढ, मग उतार. पश्चिमेच्या टोकाला पाइनचं जंगल संपतं आणि ला देएसा नावाचं गावसामाईक कुरण लागतं. त्याच्या पलीकडे ओर्चियाचं दीपगृह, आणि त्याच्या पलीकडे अमेरिकेपर्यंत पाणीच पाणी. जुन्या युरोपला माहीत असलेली जमीन इथं संपायची, म्हणून नकाशे इथून सुरू व्हायचे. १६३४ साली फ्रान्सच्या तेराव्या लुईनं शून्य रेखावृत्त या बेटावरून जातं असं फर्मान काढलं, आणि १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रीनिचचा निकाल लागेपर्यंत कितीतरी नकाशांवर फेरोचं, म्हणजे एल हिएरोचं, रेखावृत्त नांदत होतं. ओर्चिया नावाची दगडफुलासारखी बुरशी-शेवाळाची जोडगोळी इथल्या कड्यांवरून खरवडून जांभळ्या रंगासाठी युरोपला पाठवली जायची, ते दीपगृहाच्या नावात राहिलं आहे. बाकी त्या टोकाला फार काही नाही. वारा आहे.

वाऱ्याबद्दल मात्र सांगावं तेवढं थोडं. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे आपण भूगोलाच्या पुस्तकात बाणांनी काढलेले असतात. ला देएसात ते बाण अंगाला लागतात. इथल्या देवीची कथासुद्धा वाऱ्याचीच आहे. अमेरिकेकडे निघालेलं एक जहाज या किनाऱ्यासमोर वारा पडल्यामुळे अडकलं. शिधा संपत आला. ला देएसाच्या धनगरांनी खलाशांना खायला दिलं. द्यायला पैसे नव्हते, म्हणून कप्तानानं जहाजावरची मरियमची मूर्ती दिली, आणि मूर्ती उतरताच शिडं भरली. तो दिवस बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाचा, ६ जानेवारी १५४६, म्हणून ती ‘राजांची माता’. पुढे १७४१ च्या दुष्काळात लोकांनी तिला ला देएसातल्या देवळातून उचलून बेटाच्या राजधानीला, वाल्वेर्देला आणलं, पाऊस पडला, आणि दर चार वर्षांनी तिला खाली आणण्याचा नवस बोलला गेला. आजही त्या चौथ्या वर्षी जुलैच्या पहिल्या शनिवारी पहाटे पालखी निघते. पांढऱ्या कपड्यांतले नाचे बासरी, ढोल आणि लाकडी चिपळ्यांच्या तालावर अख्खी वाट नाचत जातात, आणि प्रत्येक गावाची शीव आली की त्या गावचे लोक खांदा बदलून घेतात. शिवेवर कधीकधी खांद्यावरून बाचाबाचीही होते म्हणे. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

देवळापासून पुढे कच्चा रस्ता आहे, आणि त्या रस्त्याच्या शेवटी फोटोतली झाडं.

जवळून पाहिल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे की हे झाड अजिबात हलत नाही. वारा इतका की बोलायचं तर तोंड फिरवावं लागतं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि झाड मात्र दगडासारखं. मी खोडाला खांदा लावून ढकलून पाहिलं. तसूभर नाही. शेंड्याच्या कोवळ्या डहाळ्या तेवढ्या थरथरतात. लव्हाळं वाकतं आणि पूर ओसरला की उभं राहतं, त्यात त्याची हुशारी. इथं तसलं काही नाही. हे वाकलेपण कायमचं आहे, लाकूड होऊन बसलं आहे. उद्या वारा थांबला तरी हे झाड उभं राहणार नाही.

खोडाची वाऱ्याकडची बाजू मेलेली असते. साल केव्हाच गळून पडलेली, लाकूड चांदीसारखं राखाडी, त्यावर पीळ पडलेल्या रेषा, आणि रेषांच्या फटीत वाळूचे कण. आडोशाच्या बाजूला मात्र हातभर रुंदीची सालीची पट्टी असते, तपकिरी, उभ्या धाग्यांनी सुटत जाणारी. सगळं झाड त्या पट्टीवर जगतं. मुळांकडून पाणी तिथूनच वर जातं, पानांनी केलेलं अन्न तिथूनच खाली येतं. एका झाडाची पट्टी बुंध्याभोवती अर्धा वेढा घालून फांदीपर्यंत पोचली होती. मी बोटानं तिचा माग काढत गेले. पाल्याच्या आत शिरलं तर एकदम शांत. बाहेर वारा ओरडतोय आणि आत तंबूत बसल्यासारखी कोरडी, राळेच्या वासाची सावली, खाली मेंढ्यांच्या लेंड्या. म्हणजे ही जागा मला सापडायच्या आधी बऱ्याच जणांना सापडलेली होती.

वारा झाडाला दाबून वाकवतो असं आपल्याला वाटतं. थोडं ते असतंच, पण बरंचसं काम वेगळ्या तऱ्हेनं होतं. वाऱ्यासमोरच्या बाजूला जे कोंब फुटतात ते सुकतात. वारा त्यांच्यातलं पाणी ओढून घेतो, समुद्राचं मीठ आणि धूळ त्यांना खरवडते. आडोशाच्या बाजूचे कोंब जगतात. पुढच्या वर्षी जगलेल्या कोंबांनाच फांद्या फुटतात, त्यांतलेही समोरचे मरतात आणि मागचे राहतात. असं शेदोनशे वर्षं चाललं की जो आकार उरतो तो हा. झाड एका बाजूला झुकलं म्हणण्यापेक्षा दुसऱ्या बाजूला त्याला वाढूच दिलेलं नाही. त्यात न झुंज आहे न शरणागती. मेलेल्या कोंबांचा हिशेब आहे, आणि तो कोऱ्या बाजूला लिहिलेला आहे, फोटोत जिथं नुसतं आभाळ येतं तिथं.

इथवर वाऱ्याची गोष्ट झाली. पण वारा तर सगळ्या बेटावर आहे, मग दाट रानातली सबिना अशी का नसते? कारण रानात झाडं एकमेकांना आडोसा देतात. कडेची झाडं वारा झेलतात, आतली सरळ वर जातात. ला देएसातली झाडं अशी दिसतात कारण ती एकेकटी आहेत, दोघांच्या मध्ये चांगलं अंगण मावेल एवढी जागा. आणि ती एकेकटी का आहेत, याचं उत्तर मला मुक्कामाच्या घरात मिळालं, दाराच्या चौकटीवर.

ते घर जुनं, काळ्या लाव्हाच्या दगडांचं. आपल्याकडे जिथं गणेशपट्टी असते तिथं दारावर एक आडवं लाकूड होतं, हातभर जाड, काळपट तांबूस, वाकसाचे घाव अजून मोजता येतील असे. घरमालक सत्तरीपुढचे. मी त्या लाकडाकडे बघतेय हे पाहून त्यांनी खिशातला चाकू काढला आणि कोपऱ्यात एवढंसं खरवडून माझ्या नाकाशी धरलं. पेन्सिल तासल्यावर येतो तो वास, पण जास्त तिखट. “माझ्या आजोबांच्याही आधीचं आहे,” ते म्हणाले. “याला वाळवी लागत नाही, कूज येत नाही. वासे याचेच, नांगर याचा, कुंपणाचे खांब याचे. आणि उरलंसुरलं कोळशाला.”

“मग ती वाकडी झाडं कशी राहिली?”

ते हसले. “त्यांचं काय करणार तुम्ही? नांगराला वाक लागतो, पण एवढा नाही.”

हा पुरावा नव्हे, एका माणसाचं बोलणं आहे, पण त्यात बरंच काही बसतं. कॅनरी बेटांवर उंचीप्रमाणे रानांचे पट्टे आहेत: किनाऱ्याजवळ रखरखीत झुडपं, वर ढगांच्या उंचीला लॉरेलची ओली राई, त्याच्याही वर पाइन. सबिनाचा पट्टा यांतल्या पहिल्या दोघांच्या मधला, ना फार कोरडा ना फार ओला, आणि माणसाला राहायला सगळ्यांत सोयीचा. म्हणून गावं तिथंच वसली, शेतं तिथंच झाली, चुली त्याच लाकडावर पेटल्या, आणि कॅनरीतलं बाकी कुठलं रान मोडलं नसेल इतकं हे रान मोडलं. भूमध्य समुद्रातही कहाणी हीच. इबिथाच्या जुन्या घरांत सबिनाच्या तुळया घालून वर फळ्या, त्यावर वाळलेलं समुद्रगवत, राख आणि चिकणमाती असे थर देत. खोली किती रुंद करायची ते तुळई किती लांब मिळते त्यावर ठरायचं. म्हणजे एका झाडाची उंची माणसांच्या माजघरात मोजली जायची. फोर्मेंतेराच्या बंदराचं नावच ला सविना.

तर सरळ होती ती गेली. उरलेल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मेंढ्या आणि बकऱ्या आल्या, आणि त्यांनी उगवून आलेली रोपं खाल्ली. ला देएसात मी मुद्दाम गुडघ्याएवढं रोप शोधत हिंडले. मोकळ्या कुरणात म्हातारी झाडं भरपूर, पोर एक नाही. रोपं दिसली ती जाळीच्या कुंपणात, लावलेली, प्रत्येकाभोवती दगडांचं छोटं आळं. वाऱ्याला दोष देणं सोपं असतं, कारण वारा कुणाच्या घरचा नसतो. धनगरांना दोष द्यायचा माझाही विचार नाही. दुष्काळी बेटावर बकरी म्हणजे दूध आणि चीज, आणि लोक इथून व्हेनेझुएलाला जहाजं भरभरून पोटासाठी गेलेले आहेत. पण फोटोओळ लिहिताना एवढं तरी आठवावं की या झाडाच्या भोवती एक अख्खं रान होतं आणि ते वाऱ्यानं पाडलेलं नाही.

बकऱ्या खातात तसं पेरणारंही कुणीतरी आहे. रेव्हन, आपल्या डोमकावळ्याचा आडदांड नातेवाईक. सबिनाची फळं तो आवडीनं खातो, बिया लांबवर नेऊन टाकतो. याचा इथे रीतसर अभ्यास झालेला आहे. बेटावरच्या जुन्या लोकांचं म्हणणं याहून पुढचं, की कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय सबिना उगवतच नाही. घरमालकांनी ते इतक्या ठामपणे सांगितलं की मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी एका दगडी बांधावर मला विष्ठेची वाळलेली गोळी दिसली. काडीनं फोडली तर आत तांबूस चोथा आणि सातआठ कडक, कोनेदार बिया. बांधाच्या पलीकडे मेंढ्या चरत होत्या. दुर्दैव म्हणजे कॅनरीतल्या बऱ्याच बेटांवर रेव्हन कमी होत चालले आहेत, आणि हा पेरणारा गेला तर कुंपणातल्या आळ्यांवर किती भिस्त ठेवायची ते दिसतंच आहे.

जाता जाता: त्याच वाऱ्यावर हे बेट आता वीज करतं. वाल्वेर्देजवळ पाच पवनचक्क्या आहेत, २०१४ पासून. वारा जास्त झाला की त्या पाणी उपसून वरच्या ज्वालामुखीच्या विवरात साठवतात, वारा पडला की तेच पाणी खाली सोडून जनित्रं फिरवतात. २०१९ च्या उन्हाळ्यात सलग तीन आठवड्यांहून जास्त काळ बेटानं डिझेलची वीज वापरली नाही. वाऱ्याचा उपयोग करायला माणसं शिकली आहेत, एवढंच सांगायचं होतं.

नंतर मी मुद्दाम ला गोमेराला, कॅनरीतल्याच दुसऱ्या एका बेटावर गेले. तिथं व्हायेएर्मोसोच्या बाजूला सबिनाची कॅनरीतली सगळ्यांत चांगली राखलेली रानं आहेत. उतारावर झाडांना लागून झाडं, बहुतेकांचा आकार उभा, निमुळता, हिरवा गर्द. एकाच्या सावलीत दुसऱ्याची पोरं. वारा तिथंही होता, पण रानात शिरलं की कानांवरून निघून जायचा. पायवाटेवर एक झाड असं नव्हतं की थांबून त्याचंच चित्र घ्यावं. म्हणून मी सगळ्या उताराचे फोटो घेतले, पाचसहा, जवळजवळ सारखेच, आणि घरच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, सबिना.

“झाडी छान आहे गं,” मावशीनं लिहिलं. “पण ते झाड कुठंय?”

मी लिहिलं, “हेच ते.”

त्यावर तिचा अंगठा आला. पटलं असावं असं वाटत नाही.